आधी पोर, मग पाखरू

तुझा निरोप पोचला. आपल्या विशेष मुलांचा वर्ग घेऊन नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचं ठरवतेयस, आणि मुख्याध्यापकांनी "आधी जुन्या बाईंना विचारून या" असं सांगितलंय म्हणे. निवृत्त झाले तरी माझी सुटका काही होत नाही! असो. आता जे सांगणार आहे ते सगळं माझ्या डोक्यातलं नाही. निम्मं आमच्या मोठ्या बाईंकडून आलंय, उरलेलं मावश्यांनी आणि पोरांच्या आयांनी शिकवलंय. मोठ्या बाईंचं पालुपद एकच असायचं: आधी पोर, मग पाखरू. जागा, वेळ, वाट, डबा, सगळं पोराकडे बघून ठरवायचं. पक्षी दिसले तर दिसले.

जागा तू चांगली निवडलीस. निसर्ग म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर जंगल येतं, पण आपल्या पोरांची पहिली सहल जंगलात नको. जंगलातला पक्षी पानाआड असतो. "तो बघ, तिसऱ्या फांदीवर" म्हणेस्तोवर भुर्रकन उडून जातो. ज्याला बोटाच्या रोखानं बघायला शिकवण्यातच आपलं वर्ष गेलं, त्याला तिसरी फांदी कुठली दिसायला! पाणथळीवरचा पक्षी मोठा असतो, उघड्यावर असतो, थव्यानं असतो, आणि हाकललं नाही तर तासन्‌तास तिथंच असतो. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं बंधारा आहे. त्यामागं वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं, दलदल झाली, मधे मधे बेटं उभी राहिली, म्हणून हिवाळ्यात तिथं हजारोंनी बदकं उतरतात. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. ही माहिती पालकसभेत सांगायला ठेव. पोरांना सांगत बसू नकोस.

पक्षीवाले तुला सांगतील, उजाडायच्या आत पोचा. ऐकू नकोस. एक तर तिथली, म्हणजे निफाडची, थंडी. राज्यात पारा सगळ्यात खाली कुठं उतरला, याच्या बातमीत निफाडचं नाव दर वर्षी असतंच. सेरेब्रल पाल्सीच्या पोरांचे स्नायू गारठ्यात आणखी ताठरतात. घरून छान बसून निघालेलं पोर तिथं खुर्चीत लाकडासारखं होतं आणि मग त्याचं कशातच लक्ष लागत नाही. दुसरं म्हणजे झोप. फिट येणाऱ्या पोराची झोप मोडली आणि सकाळची गोळी पुढंमागं झाली, की आपण होऊन संकट ओढवून घेतलंच म्हणून समज. आणि तिसरं असं, की स्वेटर-कानटोपी अंगावर सहन न होणारी तुझ्या वर्गात किती आहेत ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. साडेआठला शाळेतून नीघ, दहाच्या सुमाराला तिथं पोच. उन्हं वर आलेली असतात, पहाटेचे कॅमेरेवाले चहाला गेलेले असतात आणि बदकं कुठंही गेलेली नसतात. एकच्या आत परतीला लागायचं. शनिवार-रविवार टाळ. मंगळवार किंवा बुधवार धर. संक्रांत होऊन गेल्यावर, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, थंडी जरा ओसरलेली असते आणि पाहुणे अजून मुक्कामाला असतात.

सहलीआधी तू एकटी जाऊन ये. त्याच वारी, त्याच वेळी. पक्षी बघायला जायचं नाहीये, तेव्हा दुर्बीण घरी ठेव. बस कुठं थांबेल, तिथून पाण्याच्या काठापर्यंत किती पावलं, वाटेत पायरी आहे का, चर आहे का, वाळू आहे का, सावली कुणीकडे पडते, संडासाचं दार खुर्ची जाईल इतकं रुंद आहे का, आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, मोबाईलला रेंज कुठं मिळते, जवळचं सरकारी रुग्णालय किती मिनिटांवर: हे बघायचं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, तिथून सुरुवात कर. पण मनोरा म्हटला की जिना आलाच, आणि खुर्चीतल्या पोराला उचलून वर न्यायचा उत्साह कुणाला येईल तर त्याला तिथंच थांबव. वरून जे दिसतं ते खालच्या काठावरूनही दिसतं, फक्त दुर्बिणीची तिपाई खुर्चीच्या उंचीला उतरवून घ्यावी लागते. गाइडला आधी सांगून ठेवलं की तो ते आनंदानं करतो.

त्या फेरीत फोटो काढ. पण पक्ष्यांचे काढू नकोस. बस, फाटक, तिकिटाची खिडकी, संडास, बसायची जागा, डबा खायची जागा, आणि शेवटी शाळेचं दार. त्यांची चित्रपट्टी कर, वेलक्रो लावून. एक टप्पा झाला की पोरानं त्याचं चित्र काढून पाकिटात टाकायचं. त्या पट्टीत पक्ष्याचं चित्र का नको, हे मला मोठ्या बाईंनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. मग एका पोराला मी पाहिलं. दुसऱ्याच कुठल्या शाळेचं होतं. पट्टीवर रोहित पक्षी होता आणि त्या दिवशी तळ्यावर एकही रोहित नव्हता. चित्रात आहे म्हणजे येणारच, या हिशेबानं पोर काठाला खिळून बसलं. बसमध्ये चढेना, जेवेना. त्याचं चुकलं असं कसं म्हणायचं? वचन दिलं होतं ना त्याला. फाटक कुठं जात नाही, संडास कुठं जात नाही. जे हमखास असणार तेवढंच चित्रात घाल.

कुणाला कधी सांगायचं, तेही वेगवेगळं. काहींना आठवडाभर रोज पट्टी दाखवावी लागते तेव्हा ते त्या दिवशी शांत असतात. काहींना आठवडा आधी कळलं तर आठवडाभर झोप नाही, घरच्यांनाही नाही. त्यांना आदल्या संध्याकाळी सांग. हे आयांना विचार, फायलीत मिळायचं नाही.

आता किती जणांना न्यायचं? मुख्याध्यापक म्हणतील, बस केलीच आहे तर भरून न्या. बस भरण्यासाठी सहल नसते, असं स्पष्ट सांग. आठ-दहा पोरं पुरे. उरलेली पुढच्या खेपेला. पळ काढणाऱ्या प्रत्येक पोरामागं एक स्वतंत्र माणूस हवं, आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. फोटो काढायचा नाही, डबे वाटायचे नाहीत, फोन घ्यायचा नाही. पोरं मोजायचं काम सबंध दिवस एकाच व्यक्तीकडे राहू दे. चार जणांनी मोजलं की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं नीट मोजलंय.

आया बरोबर घ्याव्यात की नाही, यावर शाळेत दर वर्षी वाद होतो. माझं मत ऐक. आया जरूर घ्याव्यात, पण आपापलं पोर आपापल्या आईकडे द्यायचं नाही. अदलाबदल करायची. ज्या पोराला औषधाची, नळीची, श्वासाची काळजी आहे त्याची आई अर्थातच त्याच्या जवळ. बाकीच्यांची पोरं बदल. आईजवळ जे पोर पाय पसरून बसून राहतं तेच दुसऱ्या काकूचा हात धरून टुकूटुकू चालतं. आणि आईला बारा वर्षांत पहिल्यांदा पाण्याकडे निवांत बघायला मिळतं. हा फायदा अहवालात लिहिता येत नाही म्हणून तो कमी समजू नकोस.

कपड्यांचं. पक्षी बघायला जाताना मातकट, हिरवट कपडे घाला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पोरांना मात्र भगव्या टोप्या घाल, सगळ्यांना एकसारख्या. बदकं शंभर फूट मागं सरकली तर सरकू देत. हिरव्या सदऱ्यातलं पोर पाणकणसात शिरलं तर तुला दिसणार नाही. अंगात जो सदरा असेल त्याला आतून, पाठीच्या बाजूला, कापडाची पट्टी शिवून घे: शाळेचं नाव आणि दोन फोन नंबर. पोराचं नाव बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरात नको. परक्या माणसानं नावानं हाक मारली की आपली पोरं विश्वासानं जातात.

बसमध्ये पुढची जागा ओकारी होणाऱ्यांची. जाताना जो जिथं बसला तो येतानाही तिथंच. ड्रायव्हरदादांना हॉर्नचं आणि गाण्यांचं आधी सांग. दादा भले असतात, पण सहल म्हटली की त्यांना वाटतं स्पीकर लावायलाच हवा. गळीत हंगामात त्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागं बस अडकते, ते वेळेत धरून चाल. डाऊन सिंड्रोमच्या काही पोरांच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो, तेव्हा त्यांना मागच्या चाकावरच्या आदळणाऱ्या सीटवर बसवू नकोस, आणि डॉक्टरांनी त्याबद्दल काही लिहून दिलंय का ते संमतीपत्रातच विचारून घे. हृदयाचं ऑपरेशन झालेलं असलं तर तेही.

फाटकाशी पोचलात की पहिली दहा मिनिटं काहीच करायचं नाही. उतरायचं, उभं राहायचं, पाणी प्यायचं. नवीन जागेचा वास, उजेड, वारा, सगळं एकदम अंगावर येतं. ज्याला कान झाकायचेत त्याला झाकू दे. बांधकामावर यंत्र चालवणारे कानाला लावतात ना ते जाड कानझाकणं, ती हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, दोन-तीन जवळ ठेव. आणि एखादं पोर तिकिटाच्या खिडकीखाली मुंग्यांची रांग बघत बसलं तर त्याला बखोट धरून ओढू नकोस. त्याच्याबरोबरच्या माणसाला तिथंच बसू दे. अभयारण्यातली मुंगीसुद्धा अभयारण्यातलीच.

गाइड गावातलाच घे. ती मुलं पाखरं ओळखण्यात तरबेज असतात. पण त्याला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांग. तीनच पक्षी दाखवायचे. आणि वाक्य चार शब्दांचं. तिथं दोनशेहून अधिक जातींची नोंद आहे आणि बिचाऱ्याला त्या सगळ्या सांगायची हौस असते. मी निवडते ते तीन पक्षी असे. एक शेकाट्या, कारण त्याचे लांबलचक गुलाबी-लाल पाय कुणालाही दिसतात आणि तो काठाजवळ चालतो. दुसरी जांभळी पाणकोंबडी, ती रंगासाठी. अंगानं निळी-जांभळी, चोच लाल, आणि एका पायात देठ धरून खाते. "हातात धरून खातेय" हे पोरांना लगेच कळतं. तिसरा चमच्या.

चमच्याबद्दल जरा थांबून सांगते. पांढराशुभ्र, काळे पाय, चोच टोकाला चपटी, चमच्यासारखी. ती चोच अर्धवट उघडी पाण्यात बुडवतो आणि चालता चालता डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अर्धगोलात फिरवत राहतो. काही लागलं की मिटतो, मान वर करतो, गिळतो, पुन्हा सुरू. आमच्या वर्गात एक स्वमग्न मुलगा होता. पंख्याकडे बघत राहणारा, हलणाऱ्या पडद्याकडे बघत राहणारा. त्याच्याशी डोळ्याला डोळा मिळवायला आम्ही झगडत होतो. त्याला पुठ्ठ्याच्या नळीतून चमच्या दाखवला. पहिल्यांदा नळीच बघितली, आतून बाहेरून. मग डोळ्याला लावली. आणि मग त्याची मान हळूच डावी-उजवी व्हायला लागली, पक्ष्याच्या लयीत. चमच्या थांबला की हा थांबायचा. तो गिळायचा तेव्हा याची हनुवटी वर. किती वेळ चाललं ते मी घड्याळात बघितलं नाही, पण मावशींचा चहा होऊन गेला. एकच क्रिया पुन्हा पुन्हा होत राहिली की आपल्यातल्या बऱ्याच पोरांना बरं वाटतं, आणि तसं करणारा पक्षी शोधून ठेवला की निम्मं काम होतं.

त्यासाठी ती नळी. खरी दुर्बीण आपल्या पोरांना जमत नाही. दोन डोळे, दोन भिंगं, मधलं चाक, वर गळ्यात वजन. कापडाच्या दुकानात तागा गुंडाळलेला पुठ्ठ्याचा जाड रूळ मिळतो, त्याचे वीतभर तुकडे करून घे, कडांना चिकटपट्टी लाव. बाकीचा सगळा पसारा नजरेआड होतो आणि एकच गोल उरतो. शाळेत आठवडाभर खिडकीतून बघायचा सराव करवून घे. सूर्य पाठीशी राहील अशी बैठक मांड. पाण्यावरून लुकलुकणाऱ्या तिरिपीनं काही पोरांना फिट येऊ शकते, आणि ज्यांना येत नाही त्यांचेही डोळे दिपतातच.

न दिसणाऱ्या पोरांना गाइडच्या भाषणापाशी उभं करू नकोस. त्यांना जरा बाजूला, वाऱ्याच्या दिशेला बसव. अडई बदकं शीळ घालतात, पाणकणसाची सुकी पाती एकमेकांवर घासतात, ते ऐकू दे. एकदा असं होईल की वरून भोवत्या येईल आणि पाण्यावरचा अख्खा थवा एकदम उठेल. हजार पंखांचा तो आवाज अंगावर काटा आणतो. गाइडला सांगून ठेव, शिकारी पक्षी दिसला की आधी तुला खूण करायची. तू पोरांना म्हण, "आता मोठ्ठा आवाज येणार." एवढ्यानं फरक पडतो. आवाजाला भिणारी पोरं कान झाकून घेतात आणि तरीही हसतात.

आपल्या पोरांच्या आवाजाचं काय? ओरडतात, टाळ्या वाजवतात, एकच शब्द शंभरदा म्हणतात. कुणीतरी कॅमेरेवाला वळून "श्श्" करणार. जे पोर गप्प बसू शकतं त्याला गप्प बसवायला शिकव. ज्याला ते शक्यच नाही त्याला गप्प करायच्या भानगडीत पडू नकोस, त्यानं तो आणखी बिथरतो. त्याला घेऊन काठापासून लांब, वाटेच्या मोकळ्या भागात जायचं. पाखरांना त्रास होऊ नये हेही खरंच आहे की, ती आपल्या घरी थोडीच आलीत! म्हणून गर्दीचा वार टाळायचा आणि दोन गट करायचे, बोलका आणि मुका. दोघांना बघायला वेगळ्या जागा. त्यांची नावं मात्र तशी ठेवू नकोस हो.

बिस्किटवाले भेटतील. "बिचारी पोरं" म्हणत पुडा पुढं करतील. चिडू नकोस. "डबा आणलाय आम्ही" म्हण आणि चालू लाग. वर्गातल्या कुणाला गहू चालत नाही, कुणाला घास अडकतो, हे त्यांना कसं ठाऊक असणार. त्या दिवशी नवीन खाऊ देऊच नकोस. जे पोर रोज दहीभात खातं ते सहलीतही दहीभातच खाईल.

धोक्यांचं बोलू. पहिला, दुसरा आणि तिसरा धोका पाणी. स्वमग्न पोरांना पाण्याची ओढ असते, भीती नसते. काठावर पोरं एका बाजूला आणि मोठी माणसं पाण्याच्या बाजूला, पाण्याकडे पाठ करून. हो, पाठ करून. तुम्ही पक्षी नंतर केव्हाही बघाल. आणि देव न करो, पण एखादं पोर दिसेनासं झालं तर आधी बस, संडास, झाडामागं असं शोधत बसू नका. पहिल्यांदा पाण्याकडे धावा, बाकीच्यांनी बाकीचं शोधावं. चाकाची खुर्ची काठाला कधीही पाण्याकडे तोंड करून सोडू नये. आडवी लावायची, ब्रेक दाबायचा, पट्टा बांधायचा. वाटेत मऊ माती लागली की पुढची लहान चाकं रुततात आणि पोर तोंडावर येतं. खुर्ची उलटी फिरव आणि मागं ओढत ने, मोठी चाकं सहज निघतात. सायकलचा पंप बरोबर असू दे.

पाण्यानंतर ऊस. अभयारण्याच्या भोवती ऊस आहे आणि निफाडच्या उसात बिबट्या असतो, यात नवल राहिलेलं नाही. लघवीला म्हणून एकट्यादुकट्या पोराला उसाच्या कडेला न्यायचं नाही म्हणजे नाही. आडोशासाठी जुनी नऊवारी, चार चिमटे आणि बसायची प्लॅस्टिकची कमोड खुर्ची बसमध्ये ठेव. आपल्यातल्या कितीतरी पोरांना उकिडवं बसता येत नाही. मोठ्या मुलींसाठी जास्तीचे कपडे आणि पॅड मावशींच्या पिशवीत, आणि वापरलेलं सगळं परत आणायचं.

गजरे, अत्तर, वासाचं तेल त्या दिवशी कुणालाही नको, बाईंनाही. आग्या मोहोळ कुठल्या झाडाला असेल सांगता येत नाही. दिसेल ते तोंडात घालणारं पोर असेल तर त्याच्या माणसाला गुंज, एरंड, धोतरा आणि कण्हेर आधी ओळखता आलं पाहिजे. गुंजेची लाल-काळी बी इतकी देखणी की शहाण्या माणसालाही उचलावीशी वाटते.

फिट आली तर? शाळेत तू बघितलेलं आहेस, तरी बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला आदल्या दिवशी सांग. गर्दी हटवायची, डोक्याखाली काही मऊ, कुशीवर वळवायचं, वेळ बघायची. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल घेऊन येईलच, त्याला गोड बोलून लांब उभा कर. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर रुग्णालय. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला असेल तर तो तुझ्या कमरेच्या पिशवीत हवा, बसच्या रॅकवर नाही. आणि फिटच्या काही गोळ्यांनी पोरांना घाम कमी येतो, त्यामुळं ऊन त्यांना लवकर लागतं. अशा पोरांची टोपी ओली कर, सावलीत बसव, तहान लागायची वाट न बघता पाणी पाज.

खिसे. पोरं पीस उचलतील, शंख उचलतील, खडा उचलतील. अभयारण्यातून काही बाहेर न्यायला कायद्यानं बंदी आहे, आणि वन्यजीव कायदा 1972 चा असला तरी पोराच्या मुठीतून पीस काढून घ्यायचं काम आजही तुलाच करायचंय. त्याला एकच उपाय. घरून निघताना प्रत्येकाच्या खिशात शाळेच्या अंगणातला एक गुळगुळीत गोटा द्यायचा. हात मोकळा राहत नाही, आणि पीस बघून झालं की "हे इथलं, तुझा खिशात आहे" म्हणता येतं. सगळ्यांना पटत नाही. ज्याला पटत नाही त्याच्यासाठी फाटकावरच्या वनरक्षकालाच हात पुढं करायला सांग. खाकी कपड्यातल्या माणसाला पोरं पटकन देऊन टाकतात.

परतीची सूचना एकदम देऊ नकोस. पट्टीवरचं बसचं चित्र दाखव, मग पाच मिनिटांनी पुन्हा दाखव, मग नीघ. कंटाळा आल्यावर निघायचं नसतं, मजेत असतानाच निघायचं. दोन पोरं रडतील. चालतं. कंटाळून परतलेलं पोर पुढच्या खेपेला बसच्या पायरीवरच आडवं पडतं. आणि एखाद्याला अर्ध्या तासातच सगळं नको झालं तर त्याला बसमध्ये नेऊन बसव, खिडकीला पडदा लाव. तो आला, उतरला, परत बसला. झाली त्याची सहल.

एवढं जमलं की तुला हुरूप येईल आणि तू म्हणशील, आता कर्नाळा. जरूर जा, पण आधी एक वर्ष जाऊ दे. 1968 पासूनचं अभयारण्य आहे, तिथं पावसाळ्यात तिबोटी खंड्या येतो, झाडी सुंदर आहे. पण चढ आहे, दगड आहेत, आणि माकडं डबा हातातून घेतात. ज्या पोराला आपला डबा म्हणजे जीव की प्राण, त्याचा डबा माकडानं नेला तर काय होईल ते तूच बघ. शिवाय सह्याद्रीच्या रानात हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा तयार असतात. तिची कुसं लागली की मोठी माणसं नाचतात, आणि कुठं खाजतंय हे सांगता न येणारं पोर असेल तर कल्पना कर. मुंबईकडे बदली झालीच तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघ. धारावीला लागून, जिथं शहराचा कचरा टाकायचे तिथं झाडं लावून 1994 मध्ये लोकांना खुलं केलेलं. सपाट आहे, लहान आहे, आणि कंटाळा आला तर पाच मिनिटांत बाहेर पडता येतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत निबंध लिहून घेऊ नकोस, चित्रही काढायला लावू नकोस. पट्टी भिंतीवर तशीच राहू दे. कुणी तिच्याकडे जाईल, कुणी जाणार नाही. फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी प्रत्येक घरची परवानगी घे. काहींना आवडत नाही, आणि कारण विचारू नये.

आता कामाला लाग. वन्यजीव विभागाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र दे, त्यात पोरांची संख्या, खुर्च्या किती आणि तिपाई खाली उतरवून हवी हे स्पष्ट लिही, आणि पोचपावती घे. मुख्याध्यापकांची सही आजच माग. त्यांच्या टेबलावर कागद आठ-आठ दिवस पडून असतो, माझ्या वेळेपासूनची सवय आहे ती.